उसने डोळे

दाखव बघू. हं... छान आलाय. सगळे कसे हसताय. आणि तू? मघाशी तर कुरकुरत होतीस, माझेच डोळे मिटले म्हणून. फोनने उघडून दिले? आपोआप? वा, फारच गुणी फोन आहे बाई. पण उघडे डोळे त्याने आणले कुठून, ते विचारलंस का त्याला?

तुझ्याच दुसऱ्या फोटोतून? नक्की? तुझेच ना? मग माझं काही म्हणणं नाही.

हसा, हसा. हसायला काय जातंय तुमचं. गच्चीवर गार वारं सुटलंय, पोटं भरलीत, उद्या सुट्टी. पण मी सांगतो ते ऐकायचं असेल तर ते फोन पालथे घाला आधी. आणि आधीच सांगून ठेवतो, उलटे पाय, पांढरी साडी, झाडावरून हाका, असलं यात काही नाही. ज्याला ते हवंय त्याने खुशाल खाली जाऊन टीव्ही लावावा. हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माणूस मला चांगला माहीत आहे, कारण तेव्हा माझं कागदाचं दुकान होतं आणि त्याचा सगळा कागद माझ्याकडून जायचा.

आम्ही त्याला खोडरबर म्हणायचो. जाहिरातीच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून घरीच कामं घ्यायचा. पत्रिका, कार्डं, पुस्तकांची कव्हरं, आणि मुख्य म्हणजे जुने फोटो नीट करून देणं. फाटलेले जोडायचा, डाग काढायचा, आणि माणसं पुसायचा. म्हणून खोडरबर. कुणाचा घटस्फोट झाला की ती मंडळी लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन याच्या दारात. जावयाला तेवढं काढून टाका. हा असा सफाईने काढायचा की शेजारच्या आत्याबाई जागा मिळाली म्हणून ऐसपैस बसल्यासारख्या वाटायच्या. पुढे समेट झाला तर जावई परत बसवूनही द्यायचा.

घर तळमजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर, आणि समोर म्हशीएवढं एक जुनं छापायचं मशीन. ट्रेडल. बंद पडलेल्या छापखान्यातून याने ते भंगाराच्या भावात उचलून आणलं होतं. पाय मारायचा, चाक फिरायचं, शाईचे रूळ खिळ्यांवरून, म्हणजे शिशाच्या अक्षरांवरून, जायचे आणि कागदावर दाब बसायचा. खटक्... धप. खटक्... धप. जाड कागदावर अक्षर असं रुतायचं की आंधळ्यानेही बोटाने वाचावं. लोकांना तेव्हा त्याचं नवं वेड लागलं होतं.

बायको नर्स. रात्रपाळी असली की घरात हा आणि पोरगी. सात वर्षांची. सगळे तिला मुंगी म्हणायचे, कारण ती घरात कुठेही, कशातही शिरायची. ह्या माणसाचा त्या पोरीवर इतका जीव होता, की सांगता सोय नाही. तिला शिंक आली तरी ह्याच्या तोंडचं पाणी पळायचं. आणि डोळे काय होते हो तिचे! मोठाले, काळेभोर, समोरच्याला धरून ठेवणारे. दुकानात आली की मी वजनकाट्यावरचं लक्ष काढून तिच्याशीच बोलत बसायचो.

तर, एका गुरुवारी संध्याकाळी हा फोटो आणायला एका घरी गेला.

त्या घरातली आई आठवड्यापूर्वी गेली होती. रविवारी सकाळी तिच्या आठवणीत चार लोक जमणार होते. मुलाला हॉलमध्ये लावायला मोठा फोटो हवा होता, आणि आलेल्यांना द्यायला जाड कागदावर छापलेली कार्डं. वर तिचा चेहरा, खाली दोन ओळी. मुलगा घाईतला माणूस. एका कानाला फोन लावूनच बोलायचा. त्याने फोटोंचं पाकीट हातात दिलं आणि म्हणाला, "यातून चांगला एक तयार करा. खर्चाचं बघू नका."

खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत त्याचे वडील बसले होते. शांत म्हातारा. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. बुबुळावर दुधाचा थेंब पडावा तसा पांढरा ठिपका. बायकोच्या आजारपणात ऑपरेशन राहूनच गेलं होतं. ते एक शब्द बोलले नाहीत.

पण हा फाटकाशी स्कूटर काढत होता, तर मागून चपला ओढत म्हातारा आला.

"एक सांगायचं होतं. डोळे आहेत तसेच राहू द्या तिचे."

"म्हणजे, आजोबा?"

"घरी गेल्यावर बघाल. कॅमेरा समोर आला की ती डोळे मिटायची. लग्नातसुद्धा मिटले. मी किती चिडायचो. ती म्हणायची, फोटोला डोळे दिले की ते तिकडेच राहतात. मग इथून जाताना माणसाने बघायचं कशाने?" म्हातारा जरासा हसला. "ती सगळं नीट सांभाळून घेऊन गेलीय. तुम्ही त्यात हात घालू नका."

खोडरबर हो म्हणाला. म्हाताऱ्या माणसांना आपण हो म्हणतो, तसं.

घरी येऊन पाकीट उघडलं. मुंडावळ्यांतली नवरी, मांडीवर बाळ घेतलेली आई, समुद्राकाठी, नातवाच्या वाढदिवसाला, दवाखान्याच्या पायरीवर. एका फोटोत डोळे उघडे असतील तर शपथ. सगळीकडे चेहरा हसरा आणि पापण्या घट्ट. याने दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला.

"अहो, तेच तर," मुलगा म्हणाला. "म्हणून तर तुमच्याकडे आलो. मिटलेल्या डोळ्यांचा फोटो लावला तर लोकांना वाटेल, गेल्यावर काढलाय. उघडा ते."

"पण तुमचे वडील म्हणत होते..."

"बाबांचं मी बघतो. तुम्ही उघडा."

आता डोळे उघडायचे म्हणजे काय करायचं, ते ऐका. ही कला याने ज्या म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून शिकली, तो ब्रशने काचेवर फोटो दुरुस्त करायच्या काळातला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, नाक कुणाचंही लाव, केस कुणाचेही लाव, कोट तर दुकानातला लाव. डोळा मात्र ज्याचा त्यालाच. त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून घे. नसेल तर काम परत कर. का, ते त्याने सांगितलं नव्हतं. याला वाटायचं, उजेडाचा मेळ बसत नाही म्हणून असेल.

याने आधी डोळे रंगवून पाहिले. बाहुलीचे वाटायला लागले. पुसले. पुन्हा रंगवले, पुन्हा पुसले. संध्याकाळ व्हायला आली. फोटो मोठा करणारा दुकान बंद करायच्या घाईत, ब्लॉक, म्हणजे चेहऱ्याचा छापायचा ठसा, करून देणारा फोनवर फोन करतोय. आणि तेवढ्यात कॉम्प्युटरवर त्याला मुंगीचा फोटो दिसला. शाळेच्या ओळखपत्रासाठी याच खिडकीशी दुपारी काढलेला. डावीकडून उजेड. म्हातारीवर पण डावीकडूनच उजेड. मुंगी सरळ बापाकडे बघत होती.

लहान पोरीचे डोळे म्हातारीला बसतात का? बसतात. माणूस वाढतं तेवढा डोळा वाढत नाही. याने म्हातारीची वरची पापणी जरा ओढून वर घेतली, सुरकुत्या तिच्याच ठेवल्या, आणि आत मुंगीचे डोळे बसवले. पांढऱ्या भागात थोडी पिवळट झाक. एकदोन तांबड्या शिरा. मग खुर्ची मागे ढकलून लांबून बघितलं.

म्हातारी बघत होती.

इतकं बेमालूम काम आपण आजवर केलं नाही, असं त्याला वाटलं. खूश झाला, खोटं कशाला बोला. त्याच घटकेला फोटो दोन्हीकडे पाठवून दिला.

शनिवारी दुपारी ब्लॉक आला. मोठा फोटो चौकटीत बसून परस्पर त्या घरी गेला आणि मुलाने तो हॉलमध्ये लावलाही. कार्डांचा कागद मीच पोचवला याच्या घरी, तिन्हीसांजेला. म्हणून मला आठवतंय. मुंगीने दार उघडलं. माझ्याकडे बघून हसली, आणि वळून आत जाताना स्टुलावर आपटली. समोर ठेवलेल्या स्टुलावर.

"बघून चाल गं," आई आतून ओरडली. "दिवसभर टीव्हीला डोळे लावून बसते नुसती."

मुंगी डोळे चोळत म्हणाली, "आई, संध्याकाळ लवकर झाली का आज?"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

रात्री साडेनऊला बायको ड्यूटीवर गेली. अमावस्या वगैरे काही नव्हती बरं का. चांगलं टिपूर चांदणं पडलेलं. याने मुंगीला आतल्या खोलीत झोपवलं, छोटा दिवा चालू ठेवला, दार लोटून घेतलं आणि बनियनवर कामाला लागला. खिळे जुळवलेलेच होते. वर चेहऱ्याचा ब्लॉक, खाली दोन ओळी, चौकटीत घट्ट आवळलं. तबकडीवर शाई घातली. पहिलं कार्ड काढून दिव्याखाली धरलं. झकास. चेहरा कागदात हलकासा रुतलेला. डोळे तर असे, की कार्ड कसंही फिरवा, तुमच्याकडेच.

खटक्... धप. खटक्... धप.

मागच्या भिंतीला लाकडी फळ्या होत्या. ओलं कार्ड तिथे भिंतीला टेकवून उभं करायचं. एक ओळ भरली. दुसरी भरत आली. याची पाठ तिकडे, तोंड मशीनकडे.

सव्वाअकरा झाले असतील. आतून मुंगीचा आवाज आला.

"बाबा, लाइट गेली का?"

"नाही गं. झोप."

खटक्... धप.

"बाबा."

"काय?"

"तुझ्या बनियनला पाठीवर शाई लागलीय."

"लागू दे. झोप तू."

आणि याचा पाय थांबला. हात मागे नेऊन त्याने पाठ चाचपली. बोटं काळी झाली. शाई ओली होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलंच होतं. त्याला वाटलं, कार्टी फटीतून बघून गेली असेल. दार ढकलून आत गेला.

मुंगी पलंगावर बसली होती. तोंड भिंतीकडे. डोळे टक्क उघडे. दिवा चालू.

"उठून आली होतीस होय गं तिकडे?"

"नाही."

"मग शाई कुठून दिसली?"

"दिसली ना. तुझी पाठ दिसत होती. खूप पाठी होत्या, बाबा. शेजारी शेजारी." ती डोळे चोळायला लागली. "आता तू नाहीयेस. आता नुसतं मशीनच आहे. तू कुठे गेलास?"

"मी इथे आहे. तुझ्यासमोर."

"नाहीयेस."

याने तिच्या तोंडासमोर हात हलवला. जोरात हलवला. पापणी लवली नाही... त्याने मोठा दिवा लावला. तिचं तोंड धरून दिव्याकडे केलं. बुबुळं जागची हलली नाहीत. ती त्याच्या अंगातून आरपार, पलीकडच्या खोलीत बघत होती.

तिला उराशी धरून तो मटकन खाली बसला. कुठलं कार्ड, कुठले डोळे, सगळं त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं. आणि हेही लक्षात आलं, की हे आपण कुणाला सांगू शकत नाही. बायकोला फोन लावला. ड्यूटीवर असताना तिचा फोन कपाटात ठेवलेला. वाजत राहिला.

"बाबा..."

"काय बाळा?"

"मशीनपाशी कुणीतरी आलंय."

बाहेरच्या दाराला आतून कडी होती. ती याने स्वतः घातली होती.

"कोण... कोण आलंय?"

"आजी आहे एक."

"काय करतेय?"

"उभी आहे." मुंगीचा आवाज अगदी साधा होता. चित्रातलं सांगावं तसा. "तिला दिसत नाही वाटतं, बाबा. तिचे डोळे मिटलेत."

बाहेर चाक फिरलं.

खटक्...

धप.

एकदाच.

याने पोरीचं तोंड आपल्या छातीत दाबून धरलं. काय उपयोग? ती कुठे त्या तोंडाने बघत होती?

"आजी इकडे येतेय. कार्डांकडे... बोटांनी चाचपतेय. माझ्या गालाला हात लावला... बाबा, थंड आहे."

"मुंगी..."

"एक उलटं केलं. भिंतीकडे. तिथे अंधार झाला. दुसरं केलं... हळूहळू करतेय."

पलीकडून आवाज येत होता. कागद लाकडावर घासल्याचा. बारीक. एक... मग दुसरा... मग तिसरा. तो मोजत नव्हता. त्याच्या तोंडून नुसता श्वास जात येत होता.

मग आवाज थांबला.

"संपली कार्डं," मुंगी म्हणाली.

"आता... आता दिसतंय? बाळा, मी दिसतोय?"

"नाही. अजून एक आहे. मोठा हॉल आहे. उंचावरून दिसतोय. खाली एक आजोबा बसलेत खुर्चीवर. माझ्याकडेच बघतायत." थोडा वेळ गेला. "आजीपण आली तिथे. आजोबांच्या मागे उभी आहे. इकडे हात करतेय. पण तिचा हात पोचत नाहीये, बाबा. आजोबा मध्ये बसलेत."

त्याला एकच सुचलं, जे त्याला येत होतं ते. पोरीला कडेवर घेतलं, डोळे खाली घालून बाहेरच्या खोलीतून कॉम्प्युटरपर्यंत गेला. फळ्यांकडे बघितलं नाही. फोटो उघडला आणि त्यातले डोळे पुसले. पार पुसले. आयुष्यभर माणसं पुसणारा तो. पडद्यावर दोन खोबण्या राहिल्या.

"आता?"

"आजोबाच दिसतायत."

कागदावर गेलेलं कुठे पुसलं जातंय? त्याने त्या घरचा फोन लावला. हॉलमधला. रात्रीचे बारा वाजत आले होते.

एकच घंटा झाली. मुंगी म्हणाली, "आजोबांनी फोन उचलला."

"हॅलो," म्हातारा म्हणाला.

"आजोबा, मी... फोटोवाला."

"हं."

म्हाताऱ्यानेच विचारलं.

"कुणाचे आहेत?"

"माझ्या मुलीचे."

"आहे ना ती?"

"आहे. माझ्या कडेवर आहे. तिला दिसत नाही हो, आजोबा. तिला तुम्ही दिसताय. फक्त तुम्ही."

फोनमध्ये एका घड्याळाची टिकटिक.

"संध्याकाळपासून इथे बसलोय," म्हातारा म्हणाला. "उभ्या संसारात हिने एका फोटोतून माझ्याकडे बघितलं नाही. आज बघतेय. हे हिचे नाहीत ते मला बघताक्षणीच कळलं. तरी उठवेना. म्हटलं, कुणाचे का असेनात... थोडा वेळ..."

"आजोबा, पाया पडतो तुमच्या. फोटो पालथा घाला."

"घालीन. सकाळी पोरगा परत सरळ करील. चार माणसं यायचीयत." म्हाताऱ्याने उसासा टाकला. "आणि फोटोतले डोळे उघडलेले आहेत, बाळ. त्यात आता कुणाचे तरी लागणारच."

"आजोबा..."

"किती वर्षांची आहे?"

"सात."

पुन्हा ती टिकटिक.

"तिला सांगा, डोळे मीट."

"मुंगी, डोळे मीट बाळा. घट्ट मीट."

तिने मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "आजोबा उठले. खुर्ची ओढतायत... वर चढले. किती जवळ आले, बाबा. रडतायत. त्यांच्या एका डोळ्यात पांढरं आहे... हात आला..."

मग ती गप्प झाली.

फोनमध्ये काचेवर बोटं टेकल्याचा आवाज आला. आणि म्हाताऱ्याचा, लांबून. तो याच्याशी बोलत नव्हता.

"हो... हो गं. कळलं. रागावू नकोस... हो, माझेच."

नंतर काही नाही. नुसती टिकटिक. बराच वेळ हा फोन कानाला धरून उभा होता.

त्याच्या गालाला एक छोटा हात लागला.

"बाबा, तू रडतोयस?"

मुंगी बघत होती. त्याच्याकडे. त्याच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे. तिने त्याच्या गालावरची शाई बोटाने पुसली आणि म्हणाली, "केवढा काळा झालायस तू." आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिथेच झोपली.

हा सकाळपर्यंत तिला घेऊन बसला. उजाडल्यावर फळ्यांकडे बघितलं. एकूण एक कार्डं भिंतीकडे तोंड करून उभी. त्याने ती तशीच गोळा करून चुलीत घातली, उलटी करून बघितली नाहीत. ब्लॉक खोलून काढला आणि नुसत्या दोन ओळींची कार्डं छापली. बायको आल्यावर पोरीला तिच्या हवाली केलं, अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि दहाच्या सुमारास कार्डं घेऊन त्या घरी गेला.

हॉल माणसांनी भरलेला. मुलगा दारातच भेटला. चेहरा उतरलेला.

"बाबांना रात्रीतून दिसेनासं झालं हो. दोन्ही डोळ्यांनी. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले वय आहे, त्यात धक्का बसलाय, मोतीबिंदू पिकला असेल." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मोतीबिंदू तर एकाच डोळ्यात होता."

म्हातारा वेताच्या खुर्चीत बसला होता. खुर्ची बरोबर फोटोखाली, पाठ भिंतीला. अंगावर इस्त्रीचे कपडे, तोंड खिडकीकडे. हा सावकाश जवळ गेला. पायाचा आवाज करायची हिंमत नव्हती. अजून शब्दही बोलला नव्हता.

"या," म्हातारा म्हणाला. खिडकीकडे बघतच. "पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"बरं झालं." मग जरा हसून म्हणाला, "धुतलेला शर्ट घातलात. उजव्या बाहीवर तेवढी शाई राहिलीय."

याने बाही बघितली. राहिली होती.

मग त्याने मान वर केली. करायची नव्हती, पण केली. भिंतीवर म्हातारी होती. हार घातलेली. ती याच्याकडेच बघत होती. डोळे काळेभोर नव्हते. विटके, पिंगट, पाणावलेले.

तो फोटो मीही पाहिलाय. पुढे म्हातारा गेल्यावर त्या घरी भेटायला गेलो होतो, तेव्हा. तिच्या डाव्या बुबुळावर एक पांढरा ठिपका आहे. दुधाचा थेंब पडावा तसा.